रुपयाचे चौदा होतात, ते कुणाच्या पदरात पडतात?

शेती संशोधनावर खर्च झालेल्या एका रुपयामागे देशाला १३ रुपये ८५ पैसे परत मिळतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या दिल्लीतल्या कृषी अर्थशास्त्र आणि धोरण संस्थेने हा हिशेब मांडला आणि केंद्राच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही तो घेतला. आकडा चुकीचा आहे असं मला वाटत नाही. पण तो ऐकून सोयाबीन पट्ट्यातला शेतकरी काय विचारेल आणि तो काढणाऱ्या अभ्यासकाला काय उत्तर देता येईल, हे दोघांना समोरासमोर बसवून पाहावं असं बरेच दिवस मनात होतं. म्हणून हे मामा आणि भाची. मामांची औसा तालुक्यात कोरडवाहू जमीन. सोयाबीन, तूर, हरभरा ही पिकं. गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ते संचालक. भाची कृषी अर्थशास्त्र शिकवते आणि संशोधनाचा परतावा मोजणं हाच तिच्या अभ्यासाचा विषय आहे. माणसं कल्पित आहेत. आकडे आणि घटना खऱ्या.

मामा: एवढा नफा कोणत्या धंद्यात आहे ते सांग, बाई. मी सोयाबीनला एकरी जे घालतो ते पुरतं परत आलं तरी वर्ष बरं गेलं म्हणतो आम्ही. सरकारनं माझ्यासाठी रुपया घातला, त्याचे चौदा झाले, आणि माझ्या हातात काहीच कसं नाही?

भाची: हातात काहीच नाही असं नाही, मामा. पण चौदाच्या चौदा तुमच्या हातात यायचे नव्हतेच. नवं वाण आलं की क्विंटलमागचा उत्पादनखर्च कमी होतो, बाजारात माल वाढतो, भाव थोडा उतरतो. खर्च कमी झाला त्याचा काही भाग पिकवणाऱ्याकडे राहतो, भाव उतरला त्याचा भाग खाणाऱ्याकडे जातो. आम्ही दोन्ही भाग मिळवतो आणि त्याला समाजाचा फायदा म्हणतो.

मामा: म्हणजे पुण्या-मुंबईत तेल स्वस्त झालं तर ते पण माझ्या खात्यावर लिहिता?

भाची: तुमच्या नाही, देशाच्या खात्यावर. आणि कुणाला किती, हे पिकापिकावर ठरतं. कांदा घ्या. माणूस कांदा स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही आणि महाग झाला म्हणून सोडतही नाही. थोडा माल जास्त आला की भाव कोसळतो. म्हणून राजगुरुनगरच्या संशोधन केंद्रानं जास्त उतारा देणारं, जास्त टिकणारं कितीही चांगलं वाण दिलं, तरी त्याचा मोठा हिस्सा गिऱ्हाईक घेऊन जातं. निर्यात चालू असेल तर शेतकऱ्याचा वाटा वाढतो, कारण जादा मालाला बाहेर वाट मिळते. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली तेव्हा ती वाटच बंद झाली.

मामा: आणि सोयाबीन?

भाची: सोयाबीनचं उलट आहे. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. भाव जगाच्या बाजारात ठरतो. औशात एकरी दोन क्विंटल जास्त पिकलं म्हणून तो हलत नाही. त्यामुळे पुस्तकाप्रमाणे वाढलेल्या उताऱ्याचा जवळजवळ सगळा फायदा शेतकऱ्याचा.

मामा: पुस्तकाप्रमाणे. आता बाजाराप्रमाणे ऐक. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीन दहा हजाराच्या आसपास गेलं होतं. ज्यांच्या घरात माल होता ते थोडे. बाकीच्यांचं पीक शेतात उभं. ऑगस्टमध्ये सरकारनं बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आमचा माल खळ्यावर आला तोवर भाव निम्म्यावर. २०२४ चा हंगाम घे. हमीभाव ४,८९२ आणि आडतीत चार हजार, सव्वाचार हजार. त्यात ओलाव्याची कपात वेगळी. वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाचा यात काही दोष नाही, हे मला कळतं. पण तुझ्या हिशेबात पेंडीचा तो कागद कुठं बसतो?

भाची: थेट बसत नाही. आम्ही बऱ्याचदा काही वर्षांची सरासरी किंमत धरतो, किंवा आयात-निर्यातीच्या भावावरून किंमत काढतो, म्हणजे सरकारी धोरणाचा परिणाम बाजूला राहतो. संशोधनानं किती क्षमता निर्माण केली हे मोजायचं असेल तर ते बरोबरच आहे. ती क्षमता मध्येच कुणी अडवली तर तो संशोधनाचा तोटा नाही.

मामा: तोटा संशोधनाचा नाही, माझा आहे. आणि तुझ्या अहवालात तो कुणाचाच नाही.

इथे मला थांबून म्हणावंसं वाटतं की मामांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. क्षमता आणि प्रत्यक्ष मिळकत यांतलं अंतर अभ्यासकाला तळटीपेत ढकलता येतं, शेतकऱ्याला नाही. पण भाचीचा मुद्दाही सुटू देऊ नये. आयातीचा निर्णय चुकला म्हणून पैदासकाराच्या खात्यातून पैसे कापले, तर पुढच्या वेळी धोरण चांगलं असेल आणि वाण नसेल.

मामा: बरं, दुसरं विचारतो. पीक वाढलं ते संशोधनानंच वाढलं, हे तू ठरवतेस कशी? आमच्याकडं त्याच काळात बोअर झाले, रासायनिक खत वाढलं, तणनाशक आलं. यातलं वाणाचं किती?

भाची: आमच्या शास्त्रातलं सगळ्यात अवघड काम हेच. कापसाचं उदाहरण देते. बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. २००२-०३ मध्ये देशाची सरासरी हेक्टरी ३०२ किलो रुई होती, २००७-०८ मध्ये ती ५५४ झाली. कुणीही म्हणेल, बीटीमुळे झालं. काठगे आणि काइम या दोघांनी २००२ ते २००८ या काळात महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या त्याच त्या शेतकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती घेतली. त्यांच्या हिशेबानं बीटीमुळे एकरी उतारा २४ टक्के आणि नफा ५० टक्के वाढला. पुढं २०२० मध्ये केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी वीस वर्षांचे आकडे मांडले. क्रांती म्हणजे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक. त्यांचं म्हणणं असं की बीटीखालचं क्षेत्र अजून थोडंच होतं तेव्हाच उत्पादकतेनं उसळी घेतली होती. त्यात खतांचा, नव्या कीटकनाशकांचा आणि सिंचनाचा वाटा मोठा होता. पुढं गुलाबी बोंडअळीनं बीटीला दाद देणं सोडलं आणि फवारणीचा खर्च पुन्हा वाढला.

मामा: मग खरं कोणाचं?

भाची: दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. पहिल्यांनी विचारलं, तेव्हा लावणाऱ्याला न लावणाऱ्यापेक्षा काय मिळालं? दुसऱ्यांनी विचारलं, वीस वर्षांनी काय उरलं? माझं मत विचाराल तर परतावा मोजताना दुसरा प्रश्न टाळता येत नाही. कीड बदलते, रोग बदलतो. पाच वर्षांचा फायदा मोजून तो पंचवीस वर्षांवर पसरला की आकडा फुगतो.

मामा: फुगतो म्हणालीस. मग हे तेरा-पंच्याऐंशीपण फुगलेलं असेल.

भाची: आमच्या शास्त्रात या फुगवट्यावर खूप वाद झाला आहे, आणि तो आमच्याच लोकांनी केला. सुरुवात अमेरिकेत झाली. १९५८ मध्ये झ्वी ग्रिलिकेस या अर्थशास्त्रज्ञानं संकरित मक्याचा हिशेब केला. १९१० पासूनचा सरकारी आणि खाजगी संशोधनाचा खर्च व्याजासकट धरला. उत्तर आलं की खर्चाच्या एका डॉलरमागे समाजाला दरवर्षी किमान सात डॉलर मिळतात. लोक थक्क झाले. मग जगभर असे अभ्यास झाले. २००० साली त्यातले २९२ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा परताव्याचा सरासरी दर निघाला वर्षाला ८१ टक्के, आणि मधला आकडा ४४ टक्के.

मामा: वर्षाला ८१ टक्के? असं व्याज सावकार लावतो.

भाची: आणि सावकाराचं व्याज चक्रवाढ असतं, तिथंच गोम आहे. त्या पद्धतीत असं गृहीत धरलं जातं की मधल्या वर्षांत मिळालेला फायदा पुन्हा त्याच दरानं गुंतवला गेला. पुढं आणखी अभ्यास धरून मोजलं तेव्हा मधला आकडा वर्षाला ३९ टक्के निघाला. तो दर खरा मानला आणि एक रुपया पन्नास वर्षं वाढू दिला, तर त्याचे जवळजवळ एक कोटी चाळीस लाख होतात. कोणताही देश असा श्रीमंत झालेला नाही. हर्ली, राव आणि पार्डी यांनी २०१४ मध्ये हे गृहीतक बदलून हे सगळे अभ्यास पुन्हा मोजले. ३९ टक्क्यांचा मधला आकडा ९.८ वर आला. त्या दरानं रुपयाचे पन्नास वर्षांत सुमारे १०७ होतात.

मामा: कोटीचे एकशे सात झाले.

भाची: हो, आणि तरीही हा सौदा चांगलाच आहे. सरकार ज्या व्याजानं कर्ज काढतं त्यापेक्षा हे जास्त आहे. म्हणून मी म्हणते, शेती संशोधनाच्या बाजूनं बोलायला फुगलेल्या आकड्याची गरजच नाही. खरा आकडा पुरेसा आहे.

मामा: मक्याच्या त्या हिशेबात आणखी एक गोष्ट मला खटकते. त्यानं मका घेतला, कारण मका यशस्वी झाला होता. विद्यापीठाच्या शिवारात किती वाणं निघतात आणि किती शेतकऱ्याच्या रानात टिकतात, हे आम्ही बघतो. टिकली त्यांचा हिशेब करायचा, बाकीच्यांचा खर्च कुणी धरायचा?

भाची: ग्रिलिकेस यांना त्याची जाणीव होती. आपण एका गाजलेल्या यशाचा हिशेब करतोय हे त्यांनी लपवलं नव्हतं. म्हणून पुढं एकेका वाणाऐवजी सगळ्या संशोधनाचा एकूण खर्च एका बाजूला आणि एकूण उत्पादकता दुसऱ्या बाजूला, अशी मोजणी सुरू झाली. तेरा-पंच्याऐंशी त्याच जातीचा आकडा आहे. फसलेले प्रयोग त्यात आपोआप येतात. पण त्यालाही मर्यादा आहे. तो सरासरी रुपयाचा परतावा आहे. उद्या आणखी एक रुपया दिला तर त्याचेही चौदा होतील, अशी हमी तो देत नाही. विद्यापीठांत पदं रिकामी असतील, आलेला पैसा पगारातच संपत असेल, प्रक्षेत्रावर ट्रॅक्टरला डिझेल नसेल, तर पुढचा रुपया तसा पिकणार नाही.

मामा: राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही ठिकाणी रिकाम्या खुर्च्यांच्या गोष्टी ऐकतो आम्ही. आता माझ्या पिकावर ये. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त पेरलं ते तीनशे पस्तीस. ते काढलं कुणी?

भाची: जेएस ३३५ जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं. १९९४ चं वाण. म्हणजे खर्च मध्य प्रदेशच्या शेतावर झाला, पीक लातूर-वाशीमच्या शेतकऱ्यानं घेतलं. महाराष्ट्रानं आपल्या संशोधनाचा परतावा मोजायला घेतला आणि जबलपूरला विसरला, तर आपली पाठ फुकट थोपटली जाईल. आणि मध्य प्रदेशनं फक्त आपल्या राज्यातला फायदा मोजला तर त्याला वाटेल, आपण उगाच एवढा खर्च केला. म्हणूनच हा पैसा एका राज्यावर सोडून चालत नाही, केंद्रानं त्यात उतरावंच लागतं.

मामा: आणि खाजगी कंपनीनं?

भाची: सोयाबीनमध्ये कंपनीला पैदाशीत फारसा रस नसतो. हे स्वपरागित पीक आहे. एकदा बॅग घेतली की तुम्ही पुढचे दोन-तीन हंगाम घरचंच बियाणं पेरू शकता, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं तुम्हाला तसा हक्कही दिला आहे. कपाशीच्या संकरित बियाण्यासारखं दरवर्षी दुकानात यावं लागत नाही. मग कंपनी दहा-बारा वर्षं पैसे का घालेल? सरकारी संस्थांनी सोडलं तर हे पीक पोरकं होईल. पुण्याच्या आघारकर संस्थेची एमएसीएस वाणं, परभणीची एमएयूएस, कसबे डिग्रजची फुले संगम, फुले किमया, सगळी सार्वजनिक पैशातून आली.

मामा: आली, मान्य. फुले संगम आमच्या गावातसुद्धा आहे, चांगली साधते. पण उतारा बघ. वाणांची नावं बदलली, देशाची सरासरी हेक्टरी टनाच्या आसपासच. तीस वर्षं. पाऊस चांगला तर एकरी आठ-दहा क्विंटल, नाहीतर तीन. ब्राझीलवाले हेक्टरी तीन टनांच्या वर काढतात म्हणे. मग या तीस वर्षांत संशोधनानं काय दिलं?

भाची: इथं मी तुमच्याशी पूर्ण असहमत आहे. उतारा जागेवर राहिला याचा अर्थ संशोधन जागेवर राहिलं असा नाही. तीनशे पस्तीस पुढं पुढं पिवळ्या मोझॅकला बळी पडायला लागलं. खोडमाशी, चक्रीभुंगा, मूळकूज, ऐन फुलोऱ्यात पावसाचा खंड, काढणीच्या वेळी पाऊस, हे सगळं वाढत गेलं. नवी वाणं नसती तर आज हेक्टरी टनही राहिला नसता. तुलना कालच्या उताऱ्याशी करायची नसते; संशोधन झालंच नसतं तर आज किती असतं, त्याच्याशी करायची असते. पीक आहे तिथं टिकवून धरायलाही पैसा लागतो. ब्राझीलचं म्हणाल, तर एम्ब्रापा ही त्यांची संस्था १९७३ ची. आम्लधर्मी जमिनीत चुना घालून, उष्ण पट्ट्याला साजेशी वाणं काढून, नत्र बांधणाऱ्या जिवाणूंवर पिढ्यान् पिढ्या काम करून त्यांनी ते उभं केलं. त्या जिवाणूंच्या कामासाठी तिथल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षं न थांबता.

मामा: टिकवून धरलं म्हणतेस ते पटलं. ते मी कधी धरलं नव्हतं. पण नसतं तर किती असतं, हा आकडा तू काढतेस कसा? तो कुणी पाहिलेला नाही.

भाची: पाहिलेला नाही. जुनं वाण आणि नवं वाण शेजारी शेजारी लावलेल्या चाचण्यांवरून अंदाज काढतो. पण चाचणी विद्यापीठाच्या शिवारात होते, पाणी-खत वेळेवर मिळतं. शेतकऱ्याच्या रानातलं अंतर वेगळं असतं. हा आमचा कच्चा दुवा आहे.

मामा: आणखी एक कच्चा दुवा दाखवतो. तुझ्या हिशेबात बेरीज आहे, वजाबाकी कमी आहे. सोयाबीन आलं ते रिकाम्या रानात आलं नाही. आमच्या शिवारात खरिपात संकरित ज्वारी असायची. उडीद, मूग, थोडा भुईमूग. सोयाबीननं ते सगळं हटवलं. पैसा जास्त आला, नाही म्हणत नाही. पोरांची शिक्षणं त्यावर झाली, घरावर स्लॅब पडला. पण कडबा गेला. सोयाबीनचं गुळी-भुसकट कडब्याची जागा घेत नाही. कडबा गेला म्हणून दावणीची जनावरं कमी झाली, जनावरं गेली म्हणून शेणखत गेलं, शेणखत गेलं म्हणून खताची पोती वाढली. खायला ज्वारी विकत आणावी लागते. आमच्या वाड्यात चार बैल आणि दोन म्हशी होत्या, आता एक गाय आहे. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहितेस?

भाची: ज्वारीचं उत्पन्न वजा करतो. एका पिकाच्या जागी दुसरं आलं की सोडलेल्या पिकाचा नफा धरायलाच हवा, नाहीतर अभ्यास चूक. पण तो धान्याचा. कडब्याचा काही अभ्यासांत धरतात, बऱ्याच अभ्यासांत सुटतो. शेणखताचा तर कुठंच नाही.

मामा: मग तुझे चौदा रुपये चौदा नाहीत.

भाची: थोडे कमी असतील. पण तुम्हीही एक बाजू सोडताय. ज्वारीची कणसं खुडायला, कडबा काढायला बाया किती दिवस वाकायच्या? सोयाबीनला मळणीयंत्र आलं, काम हलकं झालं. मामींना विचारा. तो फायदाही आमच्या रकान्यात नाही.

मामांनी यावर मान हलवली आणि जास्त बोलले नाहीत. माझ्या मते हा या वादातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. सुटलेल्या गोष्टी दोन्ही बाजूंना आहेत; त्या सगळ्या पैशात बसवता येत नाहीत, पण निदान त्यांची नोंद तरी व्हावी. एका आकड्यात सगळं कोंबण्याच्या हट्टापायी ती नोंदच राहून जाते, आणि मग मंत्रालयात एक आकडा जातो, गावात दुसरा अनुभव राहतो, आणि दोघांचा एकमेकांवरचा विश्वास उडतो.

मामा: आता मी तुला परतावा कुठं गळतो ते दाखवतो. चल खळ्यात. हे बघ, हे मी बियाण्यासाठी वेगळं काढलं आहे. सोयाबीनचं टरफल कागदासारखं पातळ. मळणीयंत्राचा ड्रम जोरात फिरला की दाणा वरून चांगला दिसतो आणि आत मार बसलेला असतो. म्हणून बियाण्याची मळणी करताना ड्रमचे फेरे मी चारशेच्या आत ठेवायला लावतो. यंत्रवाला कुरकुर करतो, त्याला वेळ जातो. पोती उंच थप्पी लावून ठेवत नाही, आपटत नाही. मे महिन्यात गोणपाट ओलं करायचं, त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो. त्याखाली एकेका टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. साठच्या खाली आलं तर तेलगिरणीला.

भाची: हे गावात किती जण करतात?

मामा: तोच तर प्रश्न आहे. २०१९ ला काढणीच्या वेळी पाऊस लागला, बियाण्याचा माल भिजला. २०२० ला मराठवाड्यात आणि विदर्भात बॅगा उगवल्या नाहीत. हजारो तक्रारी. औरंगाबाद खंडपीठानं स्वतः होऊन दखल घेतली. ज्यांनी घरचं बियाणं तपासून पेरलं ते वाचले, बाकीच्यांना दुबार पेरणी. पैदासकारानं दहा वर्षं घालून वाण काढलं, आणि ते मातीत रुजायच्या आधीच गेलं. दुबार पेरणीचा खर्च तुझ्या परताव्यातून वजा होतो का? आणि शंभर दाण्यांची ही गुंडाळी, बिनपैशाची, तिच्यानं किती वाचलं, हे कुणी मोजलं?

भाची: आम्ही मोजतो ते किती टक्के क्षेत्रावर नवं वाण पोचलं. पेरलं म्हणजे पोचलं, असं धरतो. उगवलं का, हे विचारत नाही. तुमचं बरोबर आहे, मामा. वाण आणि शेत यांच्या मधला हा भाग आमच्या हिशेबात फार बारीक आहे. विस्तार खात्यावरचा खर्च संशोधनापेक्षाही कमी, आणि त्याचं मूल्यमापन त्याहून कमी.

मामा: मग पुढचा रुपया गुंडाळीवर घाला. बीजोत्पादनावर, साठवणुकीवर, गावातल्या गटांवर.

भाची: सगळा नाही. तुम्हाला मालदांडी माहीत आहे. एम ३५-१. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेलं वाण. तेव्हाच्या मुंबई सरकारचा किरकोळ खर्च. आजही रब्बीत सोलापूर, धाराशिव, बीडकडे लोक ते पेरतात. तुमची भाकरी अजून त्या खर्चावर भाजली जाते. कोणताही अर्थशास्त्रज्ञ तेव्हा पाच वर्षांचा परतावा मागायला बसला असता तर ते काम बंद पडलं असतं. बीजोत्पादनाचा फायदा पुढच्याच हंगामात दिसतो, म्हणून त्याच्यासाठी पैसा मागणारे मिळतात. पैदाशीचा फायदा दिसेपर्यंत मागणारा निवृत्त झालेला असतो. म्हणून तिच्यासाठी भांडायला कुणीतरी आकडा घेऊन उभं राहायला हवं.

मामा: भांड तू. मी तुझ्या बाजूनं उभा राहीन, सांगशील तिथं सही करीन. पण आकडा घेऊन जाताना तो कुणाकडून आणलास ते बघ. तुमची मुलं प्रश्नावली घेऊन गावात येतात आणि सरपंच सांगेल त्या, पीक चांगलं असलेल्या घरी जातात. नवं वाण लावलं का, उतारा किती, आभार, चहा, निघाले.

भाची: नमुना आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडतो, मामा.

मामा: सोयाबीन घेणाऱ्यांच्या यादीतून टाकता चिठ्ठ्या. ज्यानं सोयाबीन सोडलं तो त्या यादीत नाही. कुणी दोनदा दुबार करून रान बटाईनं दिलं, कुणी विकलं आणि पुण्याला कंपनीत गेला. फायदा झाला तेच उरलेत, आणि तुम्ही उरलेल्यांनाच विचारता.

भाची: त्यांना शोधायचं कसं?

मामा: तलाठ्याकडून वीस वर्षांचा पीकपेरा काढ. ज्याच्या सातबाऱ्यावर दहा वर्षं सोयाबीन होतं आणि आता नाही, त्या घरापासून सुरुवात कर. आणि सगळ्यांनाच आणखी दोन गोष्टी विचार, ज्या तुमच्या प्रश्नावलीत नाहीत: बियाणं उगवलं किती, आणि माल कोणत्या महिन्यात विकला.

भाची: कोणत्या महिन्यात?

मामा: दसरा-दिवाळीत उधारी फेडायला विकतो त्याला एक भाव मिळतो, उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतो त्याला वेगळा. वाण तेच असतं.